पोटातली गोळी

प्रिय कियोए,

तू आसाहिकावाहून, लेकीकडून पाठवलेला सुका मासा पोचला. मक्याची कापणी आटोपली. बायको विचारते, "हल्ली बोलत का नाही?" सांगण्यासारखं काही वाटतच नाही. जेवतो, भांडी घासतो, झोपतो.

तेत्सुरोची आठवण येते असंही म्हणवत नाही; त्याचं बोलणं तेवढं ऐकू येतं. तुझा नवरा आणि मी वीस वर्षं एकत्र शिकारीला गेलो. दर वेळी तो तेच बजावायचा, "जनावर आडवं उभं राहू दे. पुढच्या पायामागे, छातीत बसली तर लगेच पडतं. पोटात बसली तर दोन दिवस मरत राहतं. नेम मिळत नसेल तर घरी जा, कुणी हसणार नाही." मी म्हणायचो, "झालं तुझं प्रवचन?"

त्या सकाळी अस्वल मक्यातून बाहेर पडलं ते पाठमोरं, तिरकं. तेत्सुरो कुजबुजला, "थांब. वळेल ते." मी थांबलो नाही.

रक्तात हिरवट घाण होती. तो रागावला नाही. "पोटात लागलीये," एवढंच म्हणाला, "जखमी जनावर गावालगत सोडून जाता येत नाही." तासभर थांबून, माग काढत आम्ही बांबूच्या झुडपांत शिरलो. पुढे मी असायला हवं होतं. तो म्हणाला, "माग मी काढतो, तू मागे राहा." अस्वल दहा हातांवरून धावून आलं. त्याची गोळी बरोबर छातीत बसली. तरी ते त्याच्यापर्यंत पोचलंच.

पोलिसांनी विचारलं, पहिली गोळी कुणाची? "तेत्सुरोची." तोंडातून निघून गेलं. बंदुका सारख्याच, कुणी पडताळून पाहिलं नाही. गावातले म्हणू लागले, "एवढा जाणता माणूस, शेवटी घाई नडली." मी मान डोलावली.

गेल्या आठवड्यात त्याच्या वर्षश्राद्धाला तू सगळ्यांसमोर माझ्यापुढे वाकलीस. "दादा, ह्यांच्या चुकीनं तुझाही जीव गेला असता. त्यांच्या वतीनं मी माफी मागते." आणि मी म्हणालो, "असू दे." तेव्हाही मला काही वाटलं नाही, त्याचीच भीती वाटते. उद्या चौकीत जाऊन खरं सांगणार आहे. त्याआधी तुला कळावं म्हणून हे पत्र. घाई माझी होती, कियोए. त्याचं काहीच चुकलं नाही. माफ कर, असं मी लिहीत नाही.

तुझाच,
शिगेओदादा