खोकला आला की बंद

५ नोव्हेंबर २००६, रविवार

परत बंद पडलं! बाबा पंचवीस मिनिटं बोलत होते — गावची शाळा, मुंबईची बोट, गिरणीच्या साचखात्यातला, म्हणजे मागांच्या खात्यातला पहिला दिवस — आणि अचानक पडदा काळा. सगळं गेलं. हा तिसरा रविवार.

सत्तावीसला बाबांचं ऑपरेशन. गळ्यातल्या गाठीबरोबर स्वरयंत्रही काढणार. त्यानंतर आवाज नाही. डॉक्टरांनी हे पेनाला टोपण लावता लावता सांगितलं. म्हणून तर हा सगळा खटाटोप — माईक, हेडफोन, पंखा बंद, खिडकीला गोधडी. मला त्यांचा आवाज हवा आहे. दुसरं काही मागत नाही मी, आणि नेमकं तेवढंच ते मशीन खातंय.

पहिला संशय चंदूवर. शाळेत माझ्या वर्गात होता, आता लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून कॉम्प्युटर जुळवून देतो. ‘एकदम फर्स्ट क्लास माल, नलू!’ म्हणाला होता. जो माणूस सहावीत माझी कंपासपेटी लपवून स्वतःच शोधून द्यायचा, त्याच्यावर मी विश्वास ठेवला. माझंच चुकलं.

७ नोव्हेंबर

चंदू येऊन गेला. “अगं मी तुला फसवीन काय? विठोबाकाकांच्या आवाजाचं काम आहे हे!” डबा उघडला. आतली मेमरीची पट्टी काढून खोडरबराने घासली, परत बसवली. पॉवर सप्लाय बदलला. मग म्हणतो, गरम होत असेल, झाकण काढून शेजारी टेबलफॅन लाव. लावला. आता फॅनचंच रेकॉर्डिंग होतं, बाबा मागे कुठेतरी.

जाताना विचारत होता, “बंद पडतं तेव्हा मॉनिटरचा दिवा पण जातो काय?” मी म्हटलं, जातो आणि लगेच परत येतो. त्याने डोकं खाजवलं. खाजवण्याची पद्धत संशयास्पद होती.

९ नोव्हेंबर

सकाळी परीक्षा घेतली. रेडिओ लावून माईक समोर ठेवला. एक तास दहा मिनिटं — काही झालं नाही! संध्याकाळी बाबा बसले. अकराव्या मिनिटाला बंद.

रेडिओ चालतो, बाबा नाही. याला काय म्हणायचं?

११ नोव्हेंबर

खाली बाबुरावांची पिठाची गिरणी. मोटर सुरू झाली की आमचा बल्ब डोळे मिचकावतो. गेले, तोंडावर सांगितलं. म्हणाले, “तुझ्या कॉम्प्युटरसाठी मी काय लोकांना गहू चावून खायला सांगू?” वर अर्धा किलो तांदळाचं पीठ फुकट दिलं. फुकट का दिलं? मनात काहीतरी असल्याशिवाय बाबुराव पिशवीसुद्धा देत नाहीत.

१२ नोव्हेंबर, रविवार

चंदूने यूपीएस आणून लावला. भिंतीतून यूपीएस, यूपीएसमधून टेबलाखालचा बटणाचा बोर्ड, बोर्डातून मशीन. आता घरची लाइट गेली तरी बंद पडायचं कारण नाही. बाबुरावांची गिरणीही आज बंद.

सतराव्या मिनिटाला पडदा काळा! बाबुराव सुटले. पिठाबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत, पण इतक्यात नको.

एक गोष्ट मात्र लक्षात आली. बंद पडायच्या आधी दर वेळी बाबांना खोकल्याची उबळ येते. मोठा आवाज एकदम माईकमधून आत जात असेल आणि मशीन दचकत असेल? चंदूला फोन केला. हसला गाढव. “खोकल्याने मशीन बंद पडत असती तर आख्खं लालबाग बंद पडलं असतं.”

१४ नोव्हेंबर

भायखळ्याच्या बाजारात गुणाजी दिसला. हल्ली तिथेच मुलीकडे राहतो म्हणे. भेंडी निवडत होता. मला बघून हसला. मी तोंड फिरवलं आणि भाजी न घेताच आले.

आमच्या चाळीत ‘आत गेला’ म्हणजे तुरुंगात नाही. आत गेला म्हणजे ब्याऐंशीचा संप चालू असताना कापडगिरणीत कामाला गेला. गुणाजी आत गेला होता. बाबांच्या शेजारच्या साच्यावरचा माणूस, आमच्याच खोलीत भाडेकरू, आईच्या हातचं जेवणारा. आत गेलेल्यांची यादी बाहेर आली तेव्हा तिच्यात त्याचा बिल्ला नंबर होता. चाळीने त्याला पाणी दिलं नाही. त्याची ट्रंक जिन्यावरून खाली फेकली. मी दहा वर्षांची होते, कठड्यावरून ओरडले होते, “आत गेला, आत गेला!” सगळी पोरं ओरडत होती, पण माझा आवाज सगळ्यांत मोठा.

बाबा शेवटपर्यंत आत गेले नाहीत. उपाशी राहिलो पण गेले नाहीत. हे एक माझ्याजवळ आहे. हेच त्यांच्या आवाजात मला ठेवायचं आहे.

१६ नोव्हेंबर

चंदूने नवीन प्रोग्राम टाकला. बोलणं तुकड्या-तुकड्याने साठवतो म्हणे, मशीन मेली तरी तिथपर्यंतचं राहतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते त्याने पाहिलं. मेल्याने कुणाला सांगितलं नाही म्हणजे मिळवली.

१८ नोव्हेंबर, शनिवार

दोनदा बंद, पण तुकडे मिळाले! सकाळचाही, दुपारचाही. हेडफोन लावून शेवट ऐकला.

सकाळचा शेवट: “...तर मग गुणाजीच्या मनात काय इला कोण जाणे, तो आत गेलो...” खोकला. बंद.

दुपारचा शेवट: “...मी काय गिरणीच्या दारात पाऊल टाकूक नाय...” खोकला. बंद.

म्हणजे वेळेचा संबंध नाही, गरमीचा नाही, लाइटचा नाही. संप आला की बंद! मशीनला संप काय कळतो? मशीनला नाही कळत. माणसाला कळतो.

खोलीत आम्ही तिघंच असतो. मी हेडफोन घालून पडद्याकडे तोंड करून. बाबा टेबलाला लागून कॉटवर, पाय खाली. आणि आई दाराशी. दोन्ही वेळा संपाची गोष्ट निघाली तशी आई उठली होती. मला आठवतंय, पदर खोचत उठली होती. यूपीएस तिच्या वाटेतच आहे.

१९ नोव्हेंबर, रविवार

आईला विचारलं. नीट विचारायला हवं होतं. तसं नाही विचारलं. तू मुद्दाम बंद करतेस, तुला त्यांचा आवाज राहायला नकोच आहे, असं काहीतरी बोलून गेले.

“माका काय करूचा तुझ्या त्या डब्याचा?” म्हणाली. मग, “माका ता आयकूक नको होता म्हणान उठतंय.”

“काय ऐकायला नको?”

“त्येंका इचार.”

तिने दिवसभर माझ्याशी बोलणं टाकलंय. जेवण वाढलं, आमटी जास्तच वाढली. रागावली की ती जास्त वाढते.

२० नोव्हेंबर

बाबांना विचारलं. हसले. “आवस तुझी पहिल्यापासून तशीच,” म्हणाले. काय तशीच ते नाही सांगितलं. सात दिवस उरले.

२२ नोव्हेंबर

शाळेच्या ऑफिसातून अर्धी रजा टाकून आले. कुणी घरी नसताना बाबुरावांचं तांदळाचं पीठ यूपीएसभोवती भुरभुरवलं. टेबलाखालच्या बोर्डाभोवतीही. आता कळेल म्हटलं. स्वतःच्या आईला पकडायला पीठ टाकणारी मुलगी! लाज वाटली, पण टाकलं.

दुपारी बाबा बोलायला बसले. मीच मुद्दाम विचारलं, संपात तुम्ही काय करायचात? नवव्या मिनिटाला खोकला — बंद.

हेडफोन काढून आधी आईचे पाय बघितले. स्वच्छ. यूपीएसभोवतीचं पीठ जसंच्या तसं.

टेबलाखाली बोर्डाजवळ मात्र फराटा. आणि बाबांच्या उजव्या पायाचा अंगठा पांढरा. साचखात्यात धोटा पडून नख गेलेला तो अंगठा.

बाबांनी पाय लपवला नाही.

“तार तुटली गो,” म्हणाले.

मला कळलं नाही. मग सांगितलं त्यांनी, जुना साचेवाला नव्या पोराला समजावतो तसं, शांतपणे. तार, म्हणजे मागावरचा धागा, तुटली की आधी साचा बंद करायचा. तुटलेल्या तारेवर साचा चालवला की पुढचं सगळं कापड डागी. वार न् वार. “छत्तीस वर्सां ह्या हातान साचो बंद केलंय. हात पोचाक नाय तर पायान. तोंडातून खोटा भायर पडला का माझो अंगठो आपसूक जाता.”

“खोटं म्हणजे काय?”

खोकला आला. या वेळी खरा. बराच वेळ थांबला नाही. आईने पाणी दिलं, पाठ चोळली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “सतरा दिस मी ह्येंच्या केसातलो कापूस येचलंय, नलू. संप चालू असताना.”

२३ नोव्हेंबर

बाबांशी बोलले नाही. कशी बोलू? कठड्यावरून ओरडलेली मी.

२४ नोव्हेंबर

राग आहे. त्यांच्यावर आहे की स्वतःवर, ठरत नाही. चंदूचा फोन आला, मशीन कशी आहे म्हणून. म्हटलं, मशीनमध्ये काही दोष नव्हता. “मी बोललो नव्हतो?” म्हणाला. बिचारा. त्याची माफी मागितली तर घाबरून त्याने फोनच ठेवला.

२६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी बाबांनी स्वतःच खिडकीला गोधडी लावली. कॉटवर बसले आणि पाय वर घेतले. मांडी घातली. “चलव,” म्हणाले.

अठ्ठेचाळीस मिनिटं. एकदाही बंद नाही.

आईला टायफॉइड झालेला, घरात काही नाही. गुणाजी गावी गेलेला. त्याचा बिल्ला खुंटीवर होता. स्वतःच्या नंबरावर आत गेलो तर चाळीत कळणार, म्हणून बाबा गुणाजीचा बिल्ला घेऊन आत गेले. सतरा दिवस. यादीत नंबर लागला गुणाजीचा. तो गावाहून परत आला तेव्हा चाळ जिन्यात उभी होती. बाबाही उभे होते. बोलले नाहीत.

एवढं म्हणाले, “गुणाजी बिल्लो करगोट्याक बांधून निजायचो, न्हाताना पण सोडायचो नाय. त्या दिसाक कसो काय खुंटीवर रवलो, देवाक म्हायत. मी तेका न इचारता उचललंय. आज सांगूया, उद्या सांगूया म्हणता म्हणता तेवीस वर्सां गेली.”

मी रडत होते, ते हेडफोनमध्ये मलाच ऐकू येत होतं. रेकॉर्डिंगमध्येही आलंय. काढणार नाही.

शेवटी बाबांनी विचारलं, “इला काय सगळा?” आलं म्हटलं. आई दाराशी बसून होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत, उठली नाही.

२७ नोव्हेंबर

सकाळी सात वाजता आत नेलं. जाताना म्हणाले, “डब्याक धुळीपासून जप.” हेच शेवटचं. हे रेकॉर्ड झालं नाही.

२ डिसेंबर

बाबा बरे आहेत. पाटीवर लिहितात. अक्षर पूर्वी कधी नीट पाहिलंच नव्हतं, सुंदर आहे. आज लिहिलं: ‘सीडी गुणाजीक दी.’ खाली रेघ मारली.

३ डिसेंबर

चंदूने सीडी करून दिली. गेले नाही.

६ डिसेंबर

गेले नाही. काय तोंडाने जाऊ?

१० डिसेंबर, रविवार

गेले. गुणाजीकाकांनी मुलीला चहा टाकायला सांगितला. सीडी खाली मान घालून ऐकत होते. बाबांचा आवाज ‘खुंटीवर रवलो, देवाक म्हायत’ इथे आला आणि त्यांनी हात लांब करून बटण दाबलं. बंद.

“तार तुटली,” म्हणाले. “रवलो नाय गो. मीच ठेवलंय, तेच्यासाठी.”