गाडीला थंडी वाजू नये म्हणून

तलास, सोमवार

आदरणीय ओरोझदादा यांना धाकट्या भावाचा, एसेनचा सलाम. जनावरं ठणठणीत आहेत ना? तांबडी घोडी व्याली का? वहिनी, मुलं बरी? आणि सगळ्यांत शेवटी (आपल्याकडे रीतच तशी, माणूस शेवटी) तुमचं पोट कसं आहे? त्या पोटापायी तुम्ही आपल्या धाकट्या बहिणीच्या, आयजार्किनच्या बाळाच्या पाळण्याला येऊ शकला नाहीत, त्यामुळे घाटात काय झालं ते तुम्हाला ठाऊक नाही. तिथे मी तुमच्या नावाने जे काही बोललो ते आईने ऐकलं आहे, आणि ती शुक्रवारी तुमच्याकडे काराकोलला येते आहे. तिच्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळलेलं बरं.

गेल्या उन्हाळ्यात तो-आशूच्या घाटात माझ्या गाडीने मान टाकली आणि आईला उरलेला रस्ता थोरल्या भाऊजींच्या जीपमधून जावं लागलं, हे तुम्ही ऐकलं असेलच. (कोणी ऐकलं नाही? तोक्तोसून भाऊजी प्रत्येक जेवणावळीत मांस वाढायच्या आधी तेच वाढतात.) "जपानी घोडी आहे बाबा, सपाटीवर नाचते!" असं म्हणून ते मिशीतल्या मिशीत हसतात. आता धाकटीच्या बाळाचा पाळणा आजोळाने घाटापलीकडे तिच्या घरी न्यायचा, म्हणजे आपणच. तर आई सरळ म्हणाली, "पाळणा तोक्तोसूनच्या जीपमधून जाऊ दे." दादा, मुलगा घरात बसलेला आणि पाळणा जावयाच्या गाडीतून! मला फार लागलं. दोन दिवस मी धड जेवलो नाही. शेवटी एकदा, फक्त एकदाच संधी दे, असं म्हणून तिला कसंबसं राजी केलं.

म्हणूनच तुम्हाला फोन केला होता. तुम्ही म्हणालात, टर्बो हवा दाबतो, दाबली की हवा तापते, तापली की विरळ होते आणि इंजिनाला दम लागतो. तुझा इंटरकूलर, म्हणजे ती तापलेली हवा गार करणारी पेटी, इंजिनाच्या डोक्यावर बसलाय, म्हणजे चुलीवर बसून वारा घेतल्यासारखं आहे, तो पुढे नाकापाशी आण. इथवर मला कळलं. पुढे तुम्ही जे सांगितलंत, की सगळ्यांत मोठा घेऊ नकोस, आतून हवा किती अडते ते बघ, नळ्या आखूड ठेव, ते मात्र (खरं सांगतो) मी बाजारात पाय ठेवताच विसरलो. कारण तिथे एक इंटरकूलर असा होता की त्यावर माणूस आडवा झोपेल. तोच आणला. बंपर कापला, नळ्या गाडीला प्रदक्षिणा घालून आणल्या, आणि पेडल दाबलं तर गाडी विचार करायला लागली. जोर यायच्या आत एक वाटी चहा आरामात पिऊन व्हायचा. मुकाट्याने परत गेलो आणि तुमचं ऐकून मध्यम मापाचा, जाड पट्ट्यांचा, आखूड नळ्यांचा घेतला. गावामागचा चढ चढून त्याच्यातून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीवर हात ठेवला, तर नळी चक्क गार! गाडीची पापी घ्यायची तेवढी बाकी ठेवली.

निघायच्या सकाळी मी बॉनेट उघडून आईला तो मोठ्या दिमाखात दाखवला. "हा बघ, सगळा गार वारा आधी याच्या अंगावर." आई नुसतं "हं" म्हणाली आणि मला पाळणा टपावर बांधायला पाठवलं. निघालो. ओत्मोकचा घाट गाडीने जरा कुरकुरतच ओलांडला, मी म्हटलं नवीन आहे, रुळेल. सुसामिरच्या सपाटीवर ठीक. पण तो-आशूचा चढ लागला आणि गेल्या वर्षीसारखीच धाप! काटा तांबड्याकडे निघाला. तेवढ्यात भाऊजींची जीप आली, भोंगा वाजवला, दोन बोटं कपाळाला लावली आणि गेली पुढे. तेव्हाच मी तुमच्या नावाने बोललो. तुमचं शिक्षण, तुमचा चष्मा, काहीच सोडलं नाही. बोगद्याच्या खाली गाडी थांबवून बॉनेट उघडलं, तर नव्या इंटरकूलरला अख्खा नमदा शिवलेला! जाड, लोकरीचा, कडेने मेंढ्याच्या शिंगांची नक्षी, आणि जाळीला आतून सुतळीने असा टाचलेला की वारा सोडा, मुंगी आत जाणार नाही.

"घट्ट आहे ना रे?" आईने खिडकीतून विचारलं. "बिचारा नाक पुढे काढून बसलेला, सगळा वारा त्याच्याच अंगावर. घाटात गारठला असता."

तिने तीस वर्षं वडिलांच्या ट्रकच्या नाकावर नमदा बांधूनच त्यांना हिवाळ्याच्या घाटात सोडलं होतं. मी म्हटलं, "आई, आता त्याला घाम आलाय."

"मग आधी नाही का बोलायचं? घामाघूम पोराच्या अंगावर कोणी कपडे ठेवतं का?" दुखऱ्या गुडघ्याने ती स्वतः उतरली, दातांनी सुतळी तोडली, नमदा काढला आणि मांडीवर घेऊन बसली. गाडी निवल्यावर निघालो ते सरळ बोगद्याच्या तोंडाशी आमची गंमत बघायला थांबलेल्या भाऊजींना गाठून मागे टाकलं. मी भोंगा वाजवणार नव्हतो. आईने वाजवायला लावला, दोनदा. दुपारच्या आत पाळणा पोचला, बाळ त्यात झोपलं, आणि भाऊजींना त्या दिवशी जेवताना बोलायला विषय नव्हता.

पोटाला जपा. ते खारट सुक्या दह्याचे गोळे, कुरुत, फार खाऊ नका.

तुमचा,
एसेन

ता. क. खरं काम राहिलंच. परतीला आईने तो नमदा पुन्हा शिवून टाकला. माझं ती ऐकत नाही, चष्मेवाल्यांचं ऐकते. शुक्रवारी तिला गोडीत एवढंच सांगा की या यंत्राला गारठाच मानवतो, आणि नमदा कायमचा काढायला लावा.

ता. क. २. काही सांगू नका. आज सुतळी उसवताना आतलं अस्तर पाहिलं. वडिलांच्या ट्रकचाच नमदा आहे, तेलाच्या डागांसकट. तिने इतकी वर्षं ठेवला होता आणि आता कापून माझ्या गाडीला घातला. आता मी तो अंगणात तिच्यासमोर बांधतो, गिरणीच्या वळणापलीकडे उतरून काढतो, आणि येताना तिथेच परत बांधतो. वळणावर लोक हसतील, हसू देत.

ता. क. ३. त्याचा दुसरा अर्धा तुकडा तिने तुमच्या गाडीसाठी शिवलाय, तुमच्याकडे टर्बो नाही हे माहीत असूनही. तुमच्या घराजवळ एखादं वळण आहे का, ते शुक्रवारच्या आत बघून ठेवा.