तुम्ही द्याल ते

प्रिय बडबडे,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि दिलंस तरी मला ऐनवेळी सुचत नाही, म्हणून लिहायला बसलेय. आई खिडकीशी बसून समोरच्या छपरावरची कबुतरं हाकलतेय, खुर्चीतूनच, हातवारे करून. कबुतरं ढिम्म हलत नाहीत. ती दमेपर्यंत मला वेळ आहे.

तू अर्ज केलास तेव्हापासून आमच्या कार्यशाळेत मी सांगत सुटलेय, की आमच्या वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी येतेय. प्लास्टरचं काम करणाऱ्या काकांनी विचारलं, मुलगी म्हणजे वय काय? म्हटलं, माझ्याएवढंच. तर म्हणाले, मग बाई म्हणा की! खिडकीजवळचं टेबल मोकळं आहे, ते मी तुझ्यासाठी धरून ठेवलंय. बाकी कृत्रिम पायांची कार्यशाळा असते तशीच आहे, केसांत कायम प्लास्टरची पूड आणि भिंतीला टेकवून ठेवलेले अर्धवट पाय. पण मधूनच असं काही होतं की दिवस सार्थकी लागतो. परवा एक शिक्षिका नव्या पायावर पहिल्यांदा उभी राहिली. आधाराच्या दांड्या सोडल्या, आरशात बघितलं, मग शेजारी नवऱ्याकडे बघून म्हणाली, "अगं बाई, तुम्ही एवढे बुटके आहात हे विसरलेच होते!" तो बिचारा हसता हसता रडायला लागला. तुला हे काम किती आवडायचं, ते मला माहीत आहे. संसारापायी सोडलंस, आणि आता तो संसारही राहिला नाही. तेव्हा तू परत यावंस असं मला मनापासून वाटतं, हे आधी सांगून ठेवते.

पण त्या दिवशी बोलता बोलता तू म्हणालीस, "काय देतील ते घेईन गं, या वयात मला कोण विचारतंय? मला नुसतं घराबाहेर पडायचंय." तेव्हापासून ते वाक्य माझ्या घशाशी अडकलंय.

कारण तेच वाक्य मी बोलले होते. भाजीवालीशी कोथिंबिरीच्या काडीवरून हुज्जत घालणारी मी! मुलाखतीत कार्यशाळेच्या सरांनी पगाराची अपेक्षा विचारली आणि माझ्या तोंडून निघालं, "तुम्ही द्याल ते." त्यांनी मान डोलावली, पेनाला टोपण लावलं, संपलं. बाहेर बाबा उभे होते. त्यांनी आकडा विचारलाच नाही. नोकरी लागली ना, मग झालं, म्हणाले. मलाही वाटलं, एकदा कामाला लागले की माझे हात बघून आपोआप वाढवतील. वाढवलाही, दर वर्षी चिमूटभर. पण ती चिमूट त्या पहिल्या आकड्यावरच पडायची ना! पायाच ठेंगणा, मग वर कितीही मजले चढव.

गेल्या वर्षी एक नवा मुलगा आला. चांगला आहे, मला ताई म्हणतो. साचा कसा घ्यायचा, पट्टा कुठे काचतो, सगळं मीच शिकवलं त्याला. एकदा चहा पिताना सहज बोलून गेला, की पहिल्यांदा सांगितलेला पगार त्याला परवडत नव्हता, म्हणून त्याने विचार करून सांगतो म्हटलं आणि निघून आला. दोन दिवसांनी त्यांनीच फोन करून वाढवून दिला. किती, ते ऐकलं आणि मी कप घेऊन मोरीकडे गेले. बराच वेळ तो एकच कप विसळत होते. त्याचा राग नाही आला गं. त्याने मागितलं, एवढंच.

मग धीर करून सरांकडे गेले. रात्रभर मनात घोकलेलं सगळं दारातच विसरले. ते गोडच बोलले. "ताई, तेव्हा तुम्हीच मान्य केलं होतं ना? आता एकदम कसं वाढवणार? आणि तुम्ही तर घरच्या." घरच्या माणसाला उपाशी ठेवायची सोय असते, हे मला तेव्हा कळलं. दुसरीकडे जावं, तर आमचं काम करणाऱ्या कार्यशाळा आहेत कुठे? आणि लांबची नोकरी धरली, तर आईकडे कोण बघणार? हल्ली मी तिला बाहेरून कुलूप लावून जाते. मागे एकदा ती गॅस सुरू करून विसरली होती. शेजारीण दुपारी डोकावते. दिवसभराची बाई ठेवायची, तर पगार वाढायला हवा. या वर्षी नक्की बघू, असा शब्द सरांनी दिला होता. त्या शब्दावर मी एका बाईला पुढच्या महिन्यापासून ये म्हणून सांगूनही बसलेय.

काल सरांनी मला आत बोलावलं. "तुमची मैत्रीण नवऱ्यापासून वेगळी राहते ना? म्हणजे गरज असेल तिला." मी म्हटलं, ती काम उत्तम करते. "ते ठीक आहे हो," ते म्हणाले, "पण पातेलं एकच आहे, ताई. तिला जास्त वाढलं तर तुमच्या ताटात काही उरायचं नाही. आकड्यावर अडून बसू नको, असं तिला जरा समजावून ठेवा." म्हणून हे पत्र. तर समजावते, ऐक. सोमवारी तुझ्या मुलाखतीत ते अपेक्षा विचारतील, तेव्हा जिभेवर येईल ते गिळून टाक. त्या मुलाला मिळतो तो आकडा मी मागच्या बाजूला लिहिलाय, त्याच्या खाली उतरू नकोस. नाही म्हणाले तर विचार करून सांगते म्हण आणि सरळ उठून ये. एकदा हो म्हटलंस की तुझ्या हातात काही राहणार नाही. मी शेजारच्याच खुर्चीत असेन, सरांनी मुद्दाम बसायला सांगितलंय. त्या बाईला काय सांगायचं, आईचं काय करायचं, मला माहीत नाही, खरंच माहीत नाही. हे लिहिताना तुझा थोडा रागही येतोय. फक्त एक कर, आकडा सांगताना माझ्याकडे बघू नकोस. बघितलंस तर मी मान कशी हलवेन, याचा मला भरवसा नाही.

तुझीच, कशीही असले तरी तुझीच,
लंबू