ताटाची डावी बाजू

प्रिय वल्लरी,

परवा जेवताना बाबा म्हणाले, "चटणीवर सरकारनं कर लावलाय का?" चटणी ताटातच होती. लिंबू, कोशिंबीरसुद्धा. नेहमीसारखी डावीकडे. मला वाटलं, नवा टोमणा. मी ताट फिरवून ठेवलं. त्यांनी चटणी मिटक्या मारत खाल्ली आणि विचारलं, "आता भाजी कुठे नेलीस?" मी ताटाकडे बघत राहिले, मग त्यांच्याकडे.

त्या दिवशी मार्केट यार्डात त्यांना चक्कर आली ना, तेव्हापासूनच हे चाललंय. पेपर वाचताना चिडतात. ओळी मधूनच सुरू होतात म्हणे, संपादकाला रजेवर पाठवा! चष्म्याचा नंबर तपासला, तोच निघाला. तुझ्या शाळेच्या गॅदरिंगला एकसारख्या हिरव्या परकरांतल्या एवढ्या मुलींत हे तुला क्षणात हुडकायचे; मी आपली पहिल्याच रांगेत अडकलेली. त्याच माणसाला समोरची वाटी दिसू नये?

शेवटी डॉक्टर शर्मिलाबाईंकडे नेलं. त्यांनी चांदण्या छापलेला कागद दिला. सगळ्यांवर काट मारा म्हणाल्या. बाबांनी उजव्या अर्ध्यातल्या चांदण्यांवर काट मारली, पेन ठेवलं आणि म्हणाले, "झालं. बालवाडीचा पेपर होता." डावा अर्धा कोरा. बाई म्हणाल्या, डोळे उत्तम आहेत. पण नजर पुढे कुठे न्यायची हे मेंदू ठरवतो, आणि यांचा मेंदू डावीकडे जायचं ठरवतच नाही. ती चक्कर उन्हाची नव्हती गं, मेंदूत गुठळी अडकली होती. शब्द सगळे कळले. तरी अजून काहीच कळलेलं नाही.

बाईंनी सांगितलंय, डावीकडे बसा, तिकडून बोला, म्हणजे वळून बघायची सवय लागेल. मी बसते. काल तुझा फोन ठेवल्यावर बाबा हाका मारायला लागले, "अगं मंदा, कुठे गेलीस?" मी हातभर अंतरावर होते. "इथेच" म्हटलं, तर उजवीकडे शोधू लागले. मला राहवलं नाही, उठून उजवीकडे गेले. केवढे खुलले! जणू मी गावाहून परतले होते. आता कुठे बसू, सांग. फोनवर मी "ठणठणीत आहेत" म्हणाले, कारण ते ऐकत होते. ठणठणीत नाहीत. येशील का गं? तू उजवीकडे बस, त्यांना दिसशील. डावीकडे मी बसेन.

वाट बघणारी तुझीच,
आई