एका घरात डझनभर पुड्या

३ जानेवारी २०२६, शनिवार

घेतला! रंगरावने माल घेतला! चिखलीच्या त्याच्या एजन्सीत दीड तास बाकड्यावर बसवून ठेवलं, पण घेतला. पाच डझन पुड्या. पन्नास-पन्नास ग्रॅमच्या, वर आईचा फोटो. आई म्हणजे माझी सासू, शालूबाई. काळा मसाला तिच्या हातचा, पुडी माझी. फोटोत ती कोणावर तरी जाम चिडल्यासारखी दिसते. रंगराव म्हणे, "राहू द्या मॅडम, खरी वाटते."

निघताना त्याने एक सांगितलं, ते लिहूनच ठेवते — "माल माह्या गोदामात आला म्हंजे इकला नाही. दुकानात गेला तरी इकला नाही. घरात गेला म्हंजे इकला."

वा! बीए करून हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

एकच खंत. पहिल्या लॉटचं सील वाकडं बसलंय. मशीनवर हात बसायला वेळ लागतोच ना!

६ जानेवारी

आई सकाळपासून तीनदा — "खाऊन काय म्हणे कोणी?" अहो आई, माल अजून गोदामात आहे!

९ जानेवारी

एजन्सीची गाडी आज धाड गावाकडे गेली. साखळी मला आता तोंडपाठ आहे. मी, मग रंगराव, मग गाडीवाला, मग दुकानदार, मग गिऱ्हाईक. आमच्या उंद्रीतून निघालेली पुडी कुठल्या तरी अनोळखी बाईच्या ओट्यावर जाऊन बसणार, आणि तिला माझं नावही माहीत नसणार! शाळेत केजीच्या वर्गात ए फॉर ॲपल चालू होतं आणि माझं डोकं धाडच्या बाजारात. एका पोरीने विचारलं, "मॅडम, तुम्ही एकट्याच काऊन हसता?"

१३ जानेवारी

संपल्या!! पाचही डझन!

धाडचे किराणावाले शेषराव स्वतः फोनवर. "मॅडम, एकेक बाई डझन डझन नेऊन राह्यली. एकीनं तं चोवीस नेल्या. लवकर पाठवा, सीझन हाये."

एका घरात डझनभर पुड्या! अश्वजितला सांगितलं तर नवरोबा पोट धरून हसले. "धाडवाल्याइच्या पोटाचं काय होऊन राह्यलं असीन वं!" हस मेल्या, हस. थंडी आहे, लोक रस्सा ओरपतात. यालाच सीझन म्हणतात.

१६ जानेवारी

वीस डझन गेले. रंगराव आणखी चाळीस मागतोय! आज मला त्यातली गंमत कळली. दुकानदाराकडे चार डझन खपले की तो सहा मागतो, कमी पडायला नको म्हणून. गाडीवाला त्याचे आठ लिहितो. रंगराव दहा सांगतो. आणि मी बारा करते! प्रत्येक हाताला थोडी आशा चिकटते. हे असं वाढतच जाणार, मला दिसतंय ना!

आई मिरच्या भाजता भाजता ठसकते आणि वर तेच — "पण खाऊन काय म्हणे?" म्हटलं, आई, डझनाने नेतात, यातच आलं सगळं!

१८ जानेवारी

रविवार. दिवसभर पॅकिंग. शेजारची पुष्पांजली — शाळेतही माझ्या बाजूच्याच वर्गावर असते — संध्याकाळी नटूनथटून निघाली. रोजचंच चाललंय तिचं. "आज चार घरं हायेत, पाय मोडले माहे." बिचारी! आमच्या घरात हळदीकुंकू नसतं, म्हणून माझ्या संध्याकाळी पॅकिंगला मोकळ्या. आता सील एकदम सरळ बसतं.

१९ जानेवारी

रंगरावचा फोन. "रथसप्तमीपर्यंत जेवढा देता येईन तेवढा द्या." रंगरावला कसल्या तिथ्या बाई! त्यानंतर काय लोक उपाशी राहतात?

मिरचीची आणखी चार पोती सांगितली. खोबरंही.

२० जानेवारी

अश्वजित म्हणतो, एवढ्यात शाळा सोडू नको. "एक महिना थांब. मंग सोड." मी चिडले. चाळीस डझन मी सकाळी शाळा करून कशी काढू? जेवून ताट तसंच ठेवून उठले. मग त्यानेच ताट धुतलं.

२१ जानेवारी

दिला राजीनामा.

सहा वर्षं. मोठ्या मॅडम म्हणाल्या, "समता, पुन्हा जागा मिळंल याची खात्री नाही हं." म्हटलं, माहीत आहे. मंगळवारपासून नवीन मॅडम येतायत. पोरांनी गळ्यात हात टाकले तेव्हा मात्र रडले, खोटं कशाला लिहू. पण गेटच्या बाहेर पडले आणि अक्षरशः उडी मारली! साडी सावरत! समोरच्या पानठेल्यावरच्या माणसाने पाहिलं. पाहू दे. आजपासून मी मसालेवाली.

२३ जानेवारी

मिरची आली. बैठकीची खोली भरली. अश्वजित शिंकतोय, मी गाणं म्हणतेय. आईने पोत्यांकडे पाहिलं. यावेळी तो प्रश्नसुद्धा नाही.

२५ जानेवारी, रथसप्तमी

संध्याकाळी पुष्पांजली आली. पिशवीतून सात पुड्या काढून ओट्यावर ठेवल्या.

"आज शेवटचं हळदीकुंकू झालं वं. यंदा ज्या घरी जावं त्या घरी वाणात तुहीच पुडी! सस्ती बी, दिसाले बी चांगली. माह्या घरी सासूनं केलेला मसाला बरणीभर हाये. सगळ्याइच्याच घरी असते. मंग आलेली पुडी पुढच्या घरी देऊन टाकतेत बाया. म्हटलं, या तुह्या तुले, इकाले होतीन."

सातही बंद. एकीवर कुंकवाचं बोट उमटलेलं. एकीचं सील वाकडं — पहिल्या लॉटची, धाडहून घरोघर फिरत इथवर आलेली.

म्हणजे अजून कोणी खाल्लाच नाही.

ती वाकड्या सीलची पुडी आईने उचलली, दाताने फोडली आणि वांग्याच्या कालवणात टाकली. "बस खाली," म्हणाली. "आता मले विचार, खाऊन काय म्हणते म्हणून."