तारांवरचा हात

४ नोव्हेंबर

ताई, पत्रं लिहिणं मला जमत नाही, म्हणून ही वही. सुट्टीत आले की वाचायला देईन. आजचं क्रमाने:

१. पोहोचले. बॅग आणि मी, दोघीही शाबूत.
२. वाद्यदुरुस्तीच्या या कारखान्यात विजेचं सगळं काम माझ्याकडे. कारखाना म्हणजे तळमजल्यावरची एक लांब खोली. मागच्या बाजूला मालकांचं घर आणि कारखान्याच्या बरोबर वर माझी खोली. उशीर झाला, ही सबब कायमची गेली.
३. मालकांना सगळे मास्तर म्हणतात. बोलणं कमी, टोमणे जास्त. पहिल्या तासातच माझी 'इंजिनीअरबाई' झाली.
४. त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणायचं ठरलं. त्यांनी दोनदा विचारून वाढलं आणि तिसऱ्यांदा न विचारताच.
५. खिडकीला गज आहेत, पण ऊन भरपूर. समोर लाँड्री. मी खूश आहे, असं लिहायला हरकत नाही.

७ नोव्हेंबर

वहिनींनी माळ्यावरून चादरीत गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्या टेबलावर ठेवलं. अर्धवट इलेक्ट्रिक गिटार. धड वेगळं, मान वेगळी. मास्तरांचा धाकटा भाऊ ती स्वतः बनवत होता. दोन वर्षांपूर्वी मास्तरांशी कडाक्याचं भांडण झालं आणि तो निघून गेला, तेव्हापासून पत्ता नाही. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा तो एवढासा होता. त्यांच्याच हाताखाली वाढला. पुरी करून ठेव, म्हणाल्या, भाऊजी आले की त्यांना वाजवायला मिळेल. जुनी मढी उकरू नका, असं मास्तर म्हणाले. वहिनींनी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

मी काम घेतलं. लाकूड उत्तम आहे.

१२ नोव्हेंबर

मान फार जाड होती. ज्याच्या हातासाठी ती करायची तो समोर नाही, म्हणून माझ्याच डाव्या हाताच्या मापाने तासली. पॉलिशपेपर मारल्यावर आता मुठीत अशी बसते की सोडवत नाही. मास्तरांनी धरून बघितली. त्यांची बोटं जाड. शेजारच्या तारेच्या जागेवर जात होती. ही इंजिनीअरबाईंचीच झाली, म्हणाले.

धडावर लॅकरचे पाच हात दिले, आरसा झाला. मानेच्या मागे मात्र, अंगठा टेकतो तिथे, लॅकर वाळत नाही. घासून पुन्हा मारलं. खालून तपकिरी डाग वर आला. राळ असेल, असं मास्तर म्हणाले. या लाकडात राळ नसते. मी वाद घातला नाही.

१७ नोव्हेंबर

जोडणी पुरी. तारांचा आवाज पकडणारं पिकअप, नॉब, तारा. शेवटी अर्थिंगची वायर, जी तारा टेकतात त्या घोडीतून तारांना जाते. तिचं काम सोपं आहे. तारांवर कोणाचा हात नसला की अ‍ॅम्पमधून बारीक घरघर येत राहते. हात टेकला की ती थांबते. हात ठेवला, घरघर बंद. काढला, सुरू. वहिनींनी टाळ्या वाजवल्या.

दुपारी तिघंही मागे जेवायला बसलो. अ‍ॅम्प चालूच राहिला होता, घरघर ऐकू येत होती.

मग ती थांबली.

१८ नोव्हेंबर

तपासलं. सोल्डरचे जोड पक्के, केबल ठीक, प्लग ठीक. दोष सापडत नाही.

जेवताना घरघर पुन्हा थांबली आणि तारा वाजल्या. सहाही, एकेक करून, मोकळ्या. बोट दाबून काढलेला सूर एकही नाही. वाजवणाऱ्याला उजवा हात आहे आणि डाव्याला बोटं नाहीत, असं ते वाजवणं होतं.

वहिनींनी उठून एक खुर्ची गिटारजवळ नेऊन ठेवली. भाऊजी आले, म्हणाल्या. मास्तरांच्या हातातून ताट निसटलं.

१९ नोव्हेंबर

सकाळी मास्तर गिटार घेऊन पट्ट्याच्या मोठ्या करवतीकडे गेले. मी थांबा म्हणाले. पातं मानेला लागणार तेवढ्यात सर्वांत बारीक तार सुटली, त्यांच्या मनगटाला वेढा बसला आणि हात पात्यात ओढला गेला. डाव्या हाताची चारही बोटं गेली. गिटारवर ओरखडा नाही.

मी त्यांच्या दंडाला केबल आवळली आणि धावत आलेल्या वहिनींना फोन करायला सांगितलं. वहिनींनी दाराला आतून कुलूप घातलं, माझा फोन उचलून कमरेला खोचला आणि नवऱ्याशेजारी खाली बसल्या.

"त्याचा हातही यातच घातलात ना?"

मास्तर म्हणाले, नुसती बोटं घालवायची होती. त्याचं ते वाजवणं सुटावं म्हणून. रक्त थांबलंच नाही.

"कुठाय तो?"

उरलेल्या हाताने त्यांनी करवतीखालची फरशी दाखवली.

वहिनींनी लाकडी हातोडा घेतला. पहिला घाव कपाळावर. मी मधे पडले तर दुसरा माझ्या डाव्या खांद्यावर बसला. पुढचे मोजले नाहीत. मास्तरांचा चेहरा ओळखू येईना, तरी त्या थांबल्या नाहीत.

२० नोव्हेंबर

मी माझ्या खोलीत. बाहेरून कडी. खाली वहिनी फरशी फोडताहेत. मास्तरांची बोटं भुशात सापडली नाहीत, असं मघाशी दाराबाहेरून सांगून गेल्या. भाजी संपली, हे सांगावं तसं.

दुपारी गिटार वाजली. या वेळी दाबलेले सूर. पण बसके, शेजारच्या तारेला लागणारे. जाड बोटं, बारीक मान—

ती मान कोणाच्या मापाची आहे ते मला माहीत आहे.

२१ नोव्हेंबर

वहिनी ताट घेऊन आल्या. त्यांच्या नखांत माती. माझा डावा हात उलटासुलटा करून बघितला. मायेने.

"तुझीच बसतील गं त्याला," म्हणाल्या. "पोर किती ताटकळलं. शुक्रवारी बसवू."

धक्का देऊन पळायचं होतं. खांदा उचलेना. हातोडा त्यांच्या दुसऱ्या हातात—

खाली करवत फिरते आहे. नुसतीच. हाका मारल्या, पण त्या आवाजात लाँड्रीवाल्याला काय ऐकू जाणार.

२२ नोव्हेंबर

ताई, वहीवर तुझा पत्ता लिहिलाय. गजांतून लाँड्रीच्या दारात टाकते, लाँड्रीवाला तुला पाठवेल. शुक्रवारपर्यंत उत्तर दे. फोनवर नको, फोन वहिनींकडे आहे. स्वतः ये, पोलीस घेऊन ये. शुक्रवारपर्यंत.

करवत थांबली. घरघर ऐकू येतेय—

थांबली. तारांवर हात आहे. वहिनींचा नाही. वहिनी जिन्यात आहेत, पावलं—

कडी.

घरघर परत सुरू. तारा सोडल्या त्याने. म्हणजे त्याचे हात आता मोकळे—