जयवंतला पोवळ्यासारखं तापवावं

मी यशोदा दिवाकर चुरी, राहणार सांडोर, वसई, वय चौऱ्याहत्तर. डोकं जाग्यावर आहे, सकाळी दोन भाकऱ्या खाल्ल्यात. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. करून तर बघावी. हेच माझं पहिलं आणि शेवटचं मृत्युपत्र.

१. सोन्याच्या पाटल्या लेकीच्या लेकीला, संपदाला. तिने अभ्यासासाठी, रीतसर परवानगी काढून, आमच्या पडवीत खाऱ्या पाण्याच्या टाकीत जिवंत पोवळी ठेवलेली. म्हणाली, "आजी, पोवळ्याच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, तेच त्याला खाऊ घालतं. पाणी फार तापलं की पोवळं त्यालाच बाहेर काढतं. मग पांढरं पडतं, उपाशी मरतं." मी म्हटलं, "अगं, हा तर तुझा जयवंतमामा!" कारण माझ्या लेकाने तेव्हाच माझी खोली घेऊन तिथे एसी बसवला, आणि माझी खाट पडवीत टाकली.

२. एसी आणि टाकी गार ठेवणारं मशीन एकत्र चालले की फ्यूज उडायचा. संपदा मालवणला गेली आणि जयवंतने मशीनच बंद केलं. "आई, दगडांना कसलं उकडतंय?" आठवड्यात सगळी पोवळी मिठासारखी पांढरी. एकच तपकिरी राहिलं. त्याला संपदाने आधीच वेगळ्या टबात, रोज दुपारी थोडं तापवून परत गार करून, सवय लावलेली.

३. घर आणि केळीची वाडी सून सुरुचीला. तिलाही मी रोज थोडं थोडं तापवलंय. पहिल्या वर्षी रडायची. आता म्हणते, "आई, आज बोलण्यात तिखट कमी पडलं."

४. यातला अर्धा हिस्सा जयवंतला मिळेल, पण मी गेल्यावरचा पहिला उन्हाळा त्याने त्याच खोलीत काढावा. मार्चमध्ये एसी फक्त रात्री. एप्रिलमध्ये नुसता पंखा. मेमध्ये खिडकी. एकदम बंद करू नये, मरेल. बाहेर झोपला तर हिस्सा गेला. पांढरं पोवळं लगेच मरत नाही, खायला मिळालं तर तग धरतं, म्हणून त्याला जेवायला घालावं.

५. रिमोट सुरुचीकडे राहील. मार्चनंतर तिने दया येऊन एकदा जरी एसी लावला, तर दोघांचे हिस्से रद्द, सगळं संपदाचं. मीटर शेजारची पॉलिन बघेल. सुरुची, तू माझं सगळं सोसलंस, पण नवऱ्याला घाम फुटला की तुझा हात कुठे जातो ते मला ठाऊक आहे. संपदा, टाक्यांसाठी पुढच्या खोलीचं माप आत्ताच घेऊन ठेव.

सही मी साक्षीदारांसमोर केली, त्यांनी माझ्यासमोर. पॉलिनची वाकडी आली आहे, कारण ती हसत होती. तीच धरावी.

सही: यशोदा दिवाकर चुरी
साक्षीदार: पॉलिन डिमेलो, भूपेश राऊत
सांडोर, ता. ९ नोव्हेंबर २०२५